शब्दांच्या याद्या विकणं बंद करा

इंग्रजीच्या परीक्षेसाठी मुलांना शब्दांच्या याद्या पाठ करायला लावणं ही फसवणूक आहे. मी हा शब्द विचार करून वापरतोय. ज्याला काहीच कळत नाही तो चुकीचं शिकवतो, तेव्हा ते अज्ञान असतं. पण ज्याने परीक्षेचे निकष वाचलेत, या याद्यांनी गुण वाढत नाहीत हे ज्याला पक्कं ठाऊक आहे आणि तरीही जो त्या झेरॉक्स काढून, स्पायरल बाइंडिंग करून, वर फी घेऊन विकतो, त्याच्यासाठी माझ्याकडे दुसरा शब्द नाही.

घर सोडून पोटामागे जाणं महाड-पोलादपूरला नवीन नाही. आजोबा मुंबईच्या गिरणीत गेले. पुढच्या पिढीतले कोणी आखातात गेले, कोणी बिरवाडीच्या एमआयडीसीत चिकटले. आताची मुलं त्याहून लांबचं बघतात आणि त्यांनी ते बघितलंच पाहिजे. नर्सिंग केलेली मुलगी इंग्लंड-आयर्लंडचं बोलते, लोणेऱ्याला इंजिनिअर झालेला मुलगा मास्टर्सचं बोलतो. दोघांच्या वाटेत इंग्रजीची परीक्षा उभी असते, बहुतेकांसाठी आयईएलटीएस. तिची फी सतरा-अठरा हजारांच्या घरात. निकाल दोन वर्षं चालतो, त्यात काम झालं नाही तर पुन्हा परीक्षा आणि पुन्हा फी. केंद्र मुंबई-पुण्याकडे, म्हणजे आदल्या दिवशी एसटीने किंवा वीर स्टेशनवरून गाडीने निघा, नातेवाइकाकडे उतरा. त्याच्या आधी क्लासची फी असते ती वेगळीच. भाताच्या दोन तुकड्यांवर आणि मुंबईहून येणाऱ्या पैशांवर चालणाऱ्या घरात हा खर्च बचत गटाचं कर्ज काढून उभा राहतो. त्या कर्जाच्या बदल्यात मुलीच्या हातात काय पडतं, तर 'बँड आठचे शब्द' नावाची पुस्तिका.

मी महाडमध्ये इंग्रजी शिकवतो. गुण कमी पडले की यांतली काही मुलं माझ्याकडे येतात आणि येताना ती पुस्तिका घेऊन येतात. एका मुलीची वही आत्ता माझ्यासमोर आहे. ही मुलगी पोलादपूर तालुक्यातली, नर्सिंग झालेली, हुशार आहे. निबंधाचा विषय होता, खेड्यातले तरुण शहराकडे का जातात आणि त्यावर काय करता येईल. या विषयावर तिला कोणी शिकवावं असं काही उरलेलं नाही. तिच्या वाडीतल्या निम्म्या घरांना गणपती झाले की कुलूप लागतं. तिने लिहिलंय ते देवनागरीत उतरवतो: 'इन धिस कंटेम्पररी एरा, अ प्लेथोरा ऑफ जुव्हेनाइल्स आर मायग्रेटिंग टु मेट्रोपोलिसेस, विच इज अ युबिक्विटस कॉनन्ड्रम.'

'जुव्हेनाइल' हा शब्द नाम म्हणून बहुतेक वेळा पोलीस आणि कोर्टाच्या भाषेत येतो, बालगुन्हेगारांच्या संदर्भात. 'प्लेथोरा' गरजेपेक्षा जास्त झालेल्या गोष्टींना शोभतो, गाव सोडणाऱ्या माणसांना नाही. 'कॉनन्ड्रम' म्हणजे कोडं, पेच. आता सगळीकडे पसरलेला पेच कसा असतो, ते त्या पुस्तिकेच्या कर्त्याने मला सांगावं. एका वाक्यात एवढे भारी शब्द आणि सगळे भलत्या जागी. बरं, त्या कुलपांचं काय? कुलूप निबंधात कुठेच नाही. वाटण्या होऊन होऊन उरलेले शेताचे तुकडे नाहीत, मार्चनंतर टँकरची वाट बघणाऱ्या वाड्या नाहीत, कॉलेजसाठी पहाटे एसटी धरणारी मुलं नाहीत. या मुलीकडे सांगण्यासारखं जे काही होतं ते पुस्तिकेने तिच्याकडून काढून घेतलं आणि बदल्यात 'प्लेथोरा' दिला.

परीक्षेचे निकष गुप्त नाहीत. ते कोणालाही वाचता येतात. लेखनाचे निकष चार आहेत: विचारलं त्याचं उत्तर दिलंय का, मांडणी सुसंगत आहे का, शब्दसंपत्ती कशी आहे, व्याकरण कसं आहे. चारही निकषांना सारखं वजन. म्हणजे शब्दांच्या वाट्याला एक चतुर्थांश, आणि त्यातही नुसते अवघड शब्द मोजत नाहीत. कमी वापरातले शब्द आले पाहिजेत हे निकषात आहे, आणि क्लासवाले फळ्यावर तेवढंच लिहितात. पुढचं सांगत नाहीत. असे शब्द वापरायचा प्रयत्न केला पण नेमकेपणा साधला नाही, हे वर्णन सहाच्या बँडचं, म्हणजे गुणपातळीचं, आहे. सातसाठी शैलीची आणि कोणता शब्द कोणाच्या सोबत बसतो याची जाण दिसावी लागते. यादी पाठ केलेली मुलगी परीक्षकाला स्वतःच्या हाताने लिहून देते की मला सहाच्या वर नेऊ नका. चुकीच्या शब्दाने वाक्याचा अर्थ गढूळ झाला की मांडणीचे गुणही घसरतात. अख्खं उत्तर पाठ करून उतरवल्याचं सिद्ध झालं तर त्याला शून्य आहे. बोलण्याच्या परीक्षेत तर समोर माणूस बसलेला असतो. त्या अकरा ते चौदा मिनिटांत पाठ केलेलं भाषण सुरू झालं की त्याला ते लगेच कळतं. तो आडवा प्रश्न विचारतो आणि मुलाची बोबडी वळते.

मराठी माणसाला हे समजावण्यासाठी इंग्रजीपर्यंत जायचीही गरज नाही. ऊन पडतं, पाऊस पडतो, थंडी पडते. भूक मात्र लागते, तहान लागते. 'मला भूक पडली' म्हणणाऱ्या परदेशी माणसाला यातला प्रत्येक शब्द माहीत आहे, आणि त्याला मराठी येत नाही हे आपण त्या एका वाक्यावरून ओळखतो. म्हातारं माणूस वारतं, पेशंट दगावतो, पुढाऱ्याचं निधन होतं, सैनिक धारातीर्थी पडतो. हे सगळे एका ओळीत समानार्थी म्हणून छापले आणि कोणी 'माझी आजी गेल्या वर्षी धारातीर्थी पडली' असं लिहून आणलं, तर आपण काय म्हणू? पुस्तिकेत 'डाय'पुढे 'पेरिश', 'एक्स्पायर', 'सकम' असेच ओळीने छापलेले असतात. 'माय ग्रँडमदर पेरिश्ड' हे वाक्य मी तपासलेलं आहे. अंथरुणावर शांतपणे गेलेल्या आजीबद्दल ते लिहिलं होतं. ते चूक का, हे त्या मुलाला क्लासमध्ये कोणी सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं तर आधी निबंध वाचावा लागतो. बॅचभर मुलांचे निबंध दर आठवड्याला वाचायचे तर माणूस बसवावा लागतो, त्याला पगार द्यावा लागतो. बॅचभर पुस्तिकांना एक झेरॉक्स मशीन पुरतं. या धंद्याचं सगळं गणित एवढ्यात आलं.

परीक्षा घेणाऱ्यांनी स्वतः याद्यांचा नाद केव्हाच सोडला. अमेरिकेतल्या विद्यापीठांसाठी लागणाऱ्या जीआरई परीक्षेत पूर्वी विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दजोड्यांचे प्रश्न असायचे. त्यापायी हजारो शब्द घोकण्याचं वेड देशभर पसरलं होतं. ईटीएस या संस्थेने ऑगस्ट २०११ मध्ये हे दोन्ही प्रकार परीक्षेतून काढून टाकले, कारण संदर्भ सोडून पाठ केलेल्या शब्दांवरून वाचनाची समज कळत नाही. इतकी वर्षं झाली तरी इथल्या क्लासमध्ये त्याच साच्याची पुस्तिका अजून विकली जाते.

आता २२ जुलै २०२१ घ्या. महाड बुडालं. तळीयेवर दरड कोसळली आणि ऐंशीच्या वर माणसं गेली. पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या. हे इथल्या प्रत्येक मुलाने पाहिलंय, अनेकांनी घरातच भोगलंय. हवामानामुळे तुमचा बेत बदलला असा प्रसंग सांगा, हा बोलण्याच्या परीक्षेला साजेसा विषय आहे आणि मी सरावाला तो देतो. मग ऐकायला मिळतं 'कॅटास्ट्रॉफिक', 'डेव्हस्टेटिंग', 'कॅलॅमिटी', आणि पुढे शांतता. पाणी जिन्याची एकेक पायरी चढत आलं ते कसं सांगायचं? माळ्यावर रात्र काढली, वीज नव्हती, फोन लागत नव्हते, ओसरल्यावर घरात गुडघाभर गाळ होता, तो फावड्याने ओढला, दुकानातला भिजलेला माल रस्त्यावर टाकला, भिंतीवर रेघ राहिली ती अजून आहे. यासाठी लागणारे शब्द 'रिसीड', 'सिल्ट', 'शव्हल', 'स्ट्रँडेड', 'डेब्री', 'अपस्ट्रीम', 'साल्व्हेज' हे आहेत. प्रगत शब्द म्हणतात ते हेच. ते नेमके आहेत, कमी वापरातले आहेत, आणि ज्याने तो गाळ उपसलाय त्याच्या तोंडून ते कधी चुकीच्या जागी पडत नाहीत.

रायगडाच्या पायथ्याला वाढलेला मुलगा रायगडाला 'मॅग्निफिसंट एडिफिस' म्हणून मोकळा होतो, तेव्हा मला संताप येतो, आणि तो त्या मुलाचा नसतो. तुटलेला कडा, बुरूज, तट, पाण्याची टाकी, ढासळलेली जोती, या कशालाही इंग्रजीत काय म्हणतात ते त्याला कोणी दिलंच नाही. भाताची रोपं उपटून लावणी करतात, उतारावर नाचणी-वरी घेतात, बांध फुटला की शेत वाहून जातं. याचं इंग्रजी मागितलं तर वर्गात कोणाला येत नाही. 'लॅबिरिंथिन' मात्र सगळ्यांना येतं.

ज्या गावात हे चाललंय त्या गावाला इंग्रजी शाळेचा एक इतिहास आहे. जवळच्या लाडवलीत १९०३ साली जन्मलेला रामचंद्र बाबाजी मोरे हा मुलगा शिष्यवृत्ती मिळवून महाडच्या इंग्रजी शाळेत आला, तेव्हा जातीपायी त्याला प्रवेश नाकारला गेला. त्या पोरसवदा मुलाने वर्तमानपत्राला पत्र लिहून प्रकार उघड केला, ते छापून आलं आणि शाळेला त्याला घ्यावं लागलं. हेच पुढचे कॉम्रेड आर. बी. मोरे, १९२७ च्या महाड परिषदेच्या मुख्य संघटकांपैकी एक. त्या परिषदेतूनच २० मार्चला बाबासाहेब माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले.

त्या बाबासाहेबांचं इंग्रजी यांतल्या एकाही क्लासमध्ये वाचून दाखवत नाहीत. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ चा. विषय चलनाचा, किचकट, पण वाक्यं सरळ चालतात. १९३६ चं 'अनिहिलेशन ऑफ कास्ट' बारावी झालेल्या मुलाला शब्दकोश हाताशी ठेवून वाचता येतं. त्यात भारी शब्दांची रास नाही, जिथे जो शब्द हवा तिथे तोच आहे, आणि म्हणून त्याला उत्तर देणं कोणाला जमलेलं नाही. हे इंग्रजी ग्रंथालयात तासन्‌तास वाचून आलेलं होतं. शाळेच्या दारासाठी ज्या गावातल्या मुलाला वर्तमानपत्रापर्यंत जावं लागलं, तिथल्या आजच्या मुलांना इंग्रजीच्या नावावर असा कचरा विकताना लाज वाटायला हवी.

सगळं खापर क्लासवर फोडून मी शाळांना सोडणार नाही. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहावीपर्यंत दहा वर्षं, बारावीपर्यंत बारा. इतक्या वर्षांत मुलाने स्वतःच्या मनाने किती ओळी लिहिल्या? निबंध गाईडातला, पत्र फळ्यावरचं, उत्तरं 'अपेक्षित'मधली. आम्ही शिक्षक त्यालाच गुण देत आलो. बारा वर्षं पाठांतराला बक्षीस मिळाल्यावर मुलाला यादी ओळखीची वाटणारच, आणि जाड पुस्तिका बघून आईबापांनाही पैसे वसूल झाल्यासारखे वाटणारच. क्लासवाल्यांना सवय आयती मिळाली, त्यांनी ती नगदी केली.

मग शब्द वाढवायचे कसे, असं मुलं विचारतात, आणि हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी आपल्याच उपखंडात सापडलंय. मायकेल वेस्ट हे ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात होते. १९२० च्या दशकात बंगाली मुलांचं इंग्रजी पाहून त्यांनी ठरवलं की मुलांना आधी भरपूर वाचता आलं पाहिजे. त्यासाठी नेहमीच्या शब्दांतली सोपी पुस्तकं हवीत, आणि त्यांत नवा शब्द बेताने यावा, पुन्हा पुन्हा यावा. १९५३ साली त्यांनी इंग्रजीतल्या सुमारे दोन हजार सर्वांत उपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. तीही यादीच, पण पुस्तकं लिहिणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी हाताशी ठेवायची. लाँगमनचा १९७८ चा विद्यार्थ्यांसाठीचा शब्दकोश जवळपास तेवढ्याच दोन हजार शब्दांत बाकीच्या सगळ्या शब्दांचे अर्थ सांगतो. म्हणजे ज्याचे हे दोन हजार पक्के, त्याला पुढचा रस्ता मोकळा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांचे नेमके हेच कच्चे असतात. 'मेक' आणि 'डू' यांत अडखळणाऱ्या मुलाकडून 'ऑब्फस्केट' पाठ करून घेतात.

त्यानंतरची पायरी न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली दाखवली. विद्यापीठीय लिखाण चाळून त्यांनी ५७० शब्दकुळं, म्हणजे मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कूळ अशी, निवडली. शास्त्र, कायदा, वाणिज्य, कुठलंही पाठ्यपुस्तक उघडलं तरी साधारण दहातला एक शब्द यांतला निघतो. 'अ‍ॅनलाइज', 'फॅक्टर', 'डिक्लाइन', 'सिग्निफिकंट'. कोणावर छाप पडावी असं यांत काही नाही, म्हणून क्लासच्या जाहिरातीत हे येत नाहीत. वाचनाच्या उताऱ्यात आणि आलेखाच्या वर्णनात मात्र पानोपानी हेच लागतात. इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोणाच्या मदतीशिवाय वाचायचं तर आठ-नऊ हजार शब्दकुळं लागतात, असा शब्दसंपत्तीचे अभ्यासक पॉल नेशन यांचा हिशेब आहे. एका बॅचच्या मुदतीत पाठांतराने तिथे कोणी पोचणार नाही. रोजच्या वाचनाने पोचेल. शब्द आपला व्हायला तो दहा-बारा वेळा तरी वेगवेगळ्या ठिकाणी भेटावा लागतो.

नर्सिंगच्या मुलींशी मला वेगळं बोलायचंय, कारण लुबाडणूक त्यांची सर्वांत जास्त होते. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला आयईएलटीएसमध्ये ऐकणं, वाचणं आणि बोलणं यांत ७ आणि लेखनात ६.५ लागतात. आयईएलटीएसऐवजी ओईटी ही आरोग्य क्षेत्रासाठीची परीक्षाही चालते. तीत पेशंटशी संभाषण करून दाखवायचं असतं आणि पेशंटची हकिकत पत्रात लिहायची असते. तिथे 'डेलिटेरियस' कोणाच्या उपयोगाचं? दुखणं ठणकतंय की टोचतंय, मुंग्या येतायत की बधिर झालंय, मळमळतंय की उलटी होतेय, हे विचारता आलं पाहिजे. आपल्या आया डॉक्टरसमोर कळ, ठणका, चमक, उसण, पेटका हे सगळं वेगळं करून सांगतात. 'थ्रॉबिंग', 'शूटिंग', 'टिंगलिंग', 'नम', 'क्रॅम्प' हे त्याच तोलाचं इंग्रजी आहे. ब्रिटनच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या संकेतस्थळावर एकेका आजाराची माहिती साध्या, शुद्ध इंग्रजीत मोफत वाचायला ठेवलेली आहे. रोज एक पान वाचा. त्यातले तीन-चार शब्द त्यांच्या अख्ख्या वाक्यासकट वहीत घ्या, शब्दकोशात त्यांचे सोबती बघा, मग त्या शब्दाने आपल्या वॉर्डातलं, आपल्या घरातलं वाक्य करा. ते कोणाकडून तरी तपासून घ्या. आठवड्याने वही पुन्हा उघडा, महिन्याने पुन्हा.

जिची वही माझ्यासमोर आहे त्या पोलादपूरच्या मुलीने तोच निबंध नंतर पुस्तिका बाजूला ठेवून लिहिला. पहिलं वाक्य असं: 'बाय ऑक्टोबर, हाफ द हाउसेस इन माय व्हिलेज आर लॉक्ड.' पुढे तिने शेतीचे तुकडे मांडले, त्याला 'फ्रॅगमेंटेड होल्डिंग्ज' हा शब्द मी दिला. मुंबईहून येणाऱ्या पैशाला 'रेमिटन्सेस' म्हणतात हे तिने स्वतः एका लेखात शोधलं. हे दोन शब्द तिला आता विसरता येणार नाहीत, कारण दोन्ही तिच्या घरातले आहेत.

महाड-पोलादपूरच्या आईबापांना माझी विनंती आहे. फी भरण्यापूर्वी क्लासच्या माणसाला दोन गोष्टी विचारा. माझ्या मुलीचे निबंध आठवड्याला किती तपासणार, आणि तपासणारी व्यक्ती कोण? तपासलेली एखादी वही दाखवायला सांगा, तिच्यावर लाल शाईने काय लिहिलंय ते मुलीला वाचू द्या. वही न दाखवता पुस्तिका पुढे केली तर एक रुपया देऊ नका. आणि क्लास चालवणाऱ्यांनो, मुलांचं लिहिलेलं वाचायला तुमच्याकडे माणूस नसेल, तर इंग्रजीच्या परीक्षेची बॅच काढू नका.